तुरीच्या शेंगेवर चार आयुष्यं

दिवाळीच्या पुढेमागे औराद-भालकीपासून आळंदपर्यंतची काळी रानं तुरीच्या पिवळ्या फुलांनी भरून जातात. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली कलबुर्गीची तूरडाळ याच पट्ट्यातली. या तुरीवर जगणारे चार कीटक चार तऱ्हांनी मोठे होतात, आणि त्यांना आवरायचे उपाय त्या वाढीतच सापडतात.

पहिली घाटेअळी. पतंगाची मादी रात्री कळ्या-फुलांवर सुटी सुटी अंडी घालते; एकेक अंडं खसखशीच्या दाण्याहून लहान. तीन-चार दिवसांत अळी बाहेर येते. तिची कातडी फारशी ताणत नाही, म्हणून वारंवार कात टाकत ती दोन-तीन आठवडे वाढते. मोठी झाली की डोकं शेंगेत खुपसून दाणे खाते, मागचं अंग बाहेर लोंबत असतं. मग जमिनीवर उतरून मातीत कोषात जाते. तिथे अळीचे बरेचसे अवयव विरघळतात आणि तिने आतच राखून ठेवलेल्या पेशींच्या पुंजक्यांतून पंख, पाय, डोळे घडतात. दहा-पंधरा दिवसांत पतंग निघतो. तो फक्त मकरंद पितो.

पिसारी पतंगाचीही अळी होते, पण तिचा कोष शेंगेवरच उघडा चिकटलेला असतो.

शेंगमाशीची तऱ्हा आणखी वेगळी. तिची बिनपायांची अळी शेंगेच्या आत दाण्यावर पोसते. कोषात जाण्याआधी ती शेंगेची भिंत आतून कुरतडून पातळ पापुद्रा तेवढा ठेवते. पुढे जन्मणाऱ्या माशीला कुरतडता येत नाही. ती हाच पापुद्रा फोडून बाहेर पडते. तोवर शेंग वरून धडधाकट दिसते.

शेंगेवरच्या ढेकणाला कोषच नाही. पिल्लं आईबापांसारखीच, फक्त बिनपंखांची. प्रत्येक कातीबरोबर पंखांचे कोंब वाढतात. लहानथोर सगळे शेंगेतला रसच शोषतात आणि दाणा सुरकुततो.

म्हणूनच एकच उपाय चौघांना लागू पडत नाही. उन्हाळी नांगरटीने घाटेअळीचे कोष उघडे पडतात, पाखरं ते टिपतात. शेंगमाशीला त्याचा धक्का लागत नाही. कामगंध सापळ्यात घाटेअळीचे नर पतंग वाढू लागले, की अंडी पडायची वेळ झाली असं समजावं. निंबोळी अर्क कोवळ्या अळीवर चालतो. मोठ्या अळ्या झाडाखाली ताडपत्री धरून, झाड हलवून पाडाव्या लागतात. शेंगेत शिरलेल्या अळीपर्यंत तर वरची फवारणी पोचतच नाही. तेव्हा पंप पाठीवर घेण्याआधी चार झाडांच्या शेंगा उकलून पाहाव्यात: आत कोण आहे आणि किती वाढलंय. पैसा आणि पीक, दोन्ही त्या पाहण्याने वाचतं.