लेखांक सहावा : विद्युत्चुंबकीय आघात आणि पत्र्याची ट्रंक

अणुस्फोट वा सौरवादळ यांच्या वार्ता ऐकून आपल्या घरातील रेडिओ, मोबाइल, लॅपटॉप यांचा बंदोबस्त कसा करावा, असा प्रश्न पैनगंगेकाठच्या देऊळघाटातील एखाद्या गृहस्थास पडला, तर त्यात हसण्याजोगे काही नाही. ९ जुलै १९६२ रोजी प्रशांत महासागरातील जॉन्स्टन बेटावर, सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर अमेरिकेने घडवलेल्या स्फोटाने हजार किलोमीटरांहून दूर असलेल्या होनोलुलूतील रस्त्यांवरचे काही दिवे विझले होते. आणि सौरवादळाचा दाखला तर आपल्याच दप्तरी आहे, कारण २ सप्टेंबर १८५९ रोजी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घसरण नोंदली गेली. (पुढे विजेच्या ट्रामगाड्या मुंबईत येणार, तेव्हा हे नाजूक वेध अलिबागेस हलवावे लागले.)

मात्र ही दोन संकटे एकाच तागडीत तोलणे चुकीचे. सौरवादळाचा प्रभाव संथ असून तो शेकडो किलोमीटर लांबीच्या वाहिन्यांवर चालतो. मार्च १९८९ मध्ये कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात सुमारे नऊ तास अंधार पडला तो त्यामुळेच, परंतु खिशातला मोबाइल त्याने जळत नाही. अणुस्फोटाचा पहिला आघात मात्र सेकंदाच्या अब्जांश भागांत शिगेला पोहोचतो, आणि ट्रंकेची तजवीज करायची ती त्याच्यासाठी.

मायकेल फॅरडेने १८३६ मध्ये दाखवून दिले की सलग धातूच्या आवरणाच्या आत बाहेरील विद्युत्क्षेत्राचा अंमल चालत नाही. आजीची पत्र्याची ट्रंक या कामी उत्तम, पण झाकण जिथे टेकते त्या कडेचा रंग सँडपेपरने खरवडून पत्र्याला पत्रा भिडवला पाहिजे, आत सर्व बाजूंनी पुठ्ठा लावून वस्तू धातूपासून अलग ठेवली पाहिजे, आणि चार्जरची वायर फटीतून बाहेर काढण्याचा मोह टाळला पाहिजे, कारण तीच वायर आघाताला आत घेऊन येते. प्रेशर कुकर कितीही भक्कम दिसला तरी रबरी रिंग त्याचा सलग धातुस्पर्श तोडते. परीक्षेसाठी एफएमवर चालू असलेला ट्रान्झिस्टर आत ठेवून झाकण लावावे. आवाज चालूच राहिला, तर फट शोधावी. मोबाइलची घंटी वाजली म्हणून लगेच निराश होऊ नये. त्याच्या लहरी इतक्या आखूड की बारीक फटीतूनही निसटतात.

एवढे सांगून झाल्यावर माझे स्पष्ट मत असे की, देऊळघाटास अणुस्फोटापेक्षा वळवाच्या दिवसांत अजिंठ्याच्या डोंगररांगांवरून चढून येणाऱ्या ढगांचे भय अधिक. वीज दूरच्या खांबावर पडली तरी तिचा झटका तारेवाटे मीटरपर्यंत, तेथून टीव्हीपर्यंत आणि विहिरीवरच्या स्टार्टरपर्यंत पोहोचतो. तेथे ट्रंक निरुपयोगी, कारण चालू टीव्ही कोणी ट्रंकेत ठेवत नाही. नुसते बटण बंद करूनही भागत नाही, कारण ते बहुधा एकच तार तोडते आणि तीही काही मिलिमीटरच. प्लग उपसावा, डिशची केबलही सोडावी, पण हे सारे गडगडाट दूर असतानाच. वीज डोक्यावर कडाडू लागल्यावर वायरला हात लावू नये. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे ॲप परिसरातील विजांची सूचना देते, ते मोबाइलवर अवश्य घ्यावे.

मुरमाड जमिनीत मीठ-कोळशाचे अर्थिंग कसे करावे, हे पुढील लेखांकी.