आधी उलटते, मग बुडते

पुठ्ठ्याची नाव करायची आणि त्यात मुलाला बसवायचं म्हटलं, की बहुतेकांच्या मनात एकच शंका येते: पुठ्ठा भिजणार, नाव बुडणार. शंका खोटी नाही, पण ती दुय्यम आहे. अमेरिकेतल्या सदर्न इलिनॉय विद्यापीठात रिचर्ड आर्चर या डिझाइनच्या प्राध्यापकांनी १९७४ मध्ये पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची परीक्षाच अशा नावेवर घेतली, आणि पुढे तो प्रकार शाळाशाळांत पसरला. गोंदिया जिल्ह्याच्या देवरी तालुक्यातल्या चिचगडसारख्या गावातल्या शाळेने तो जरूर करावा, असं माझं ठाम मत आहे. कारण गोंदिया हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाने बांधलेले मालगुजारी तलाव आणि त्यांवर ढिवरांचे डोंगे, हे इथल्या मुलांना परकं नाही. आणि डोंगा पाण्यात कसा दगा देतो, हे समजून घेण्याची गरजही इथेच जास्त आहे. जानेवारी २०२४ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात गणपूरजवळ वैनगंगेत मिरची तोडायला निघालेल्या मजूर महिलांची नाव उलटली आणि त्यात जीव गेले. पाण्यावर तरंगणं आणि पाण्यावर सरळ राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आठवीच्या ‘बल व दाब’ या धड्यात आर्किमिडीज भेटतो, तो पहिल्या गोष्टीपुरता. दुसरी शिकायला हातात नाव लागते.

तरंगण्याचं गणित सोपं आहे. मूल ४० किलोचं, नाव आणि वल्हं मिळून १० किलो धरू. एकूण ५० किलो म्हणजे ५० लिटर पाणी बाजूला सारलं पाहिजे. सपाट तळाचं, १२० सेंटिमीटर लांब, ६० रुंद आणि ३० उंच खोकं केलं, तर ते जेमतेम ७ सेंटिमीटर पाण्यात जाईल. २३ सेंटिमीटर भिंत वर उरेल. आता पुठ्ठा वाचवायचा म्हणून, किंवा नाव वेगाने जावी म्हणून, रुंदी ४० केली तर? तरी ती साडेदहा सेंटिमीटरच बुडेल. आर्किमिडीजची काहीच हरकत नाही. पण मूल आत बसलं की पहिल्याच हेलकाव्याला ते पाण्यात. नाव कलते तेव्हा एक बाजू जास्त खोल जाते आणि पाण्याचा वरचा रेटा त्या बाजूला सरकतो. हा सरकलेला रेटाच नावेला परत सरळ करतो. भाराचा मध्य, म्हणजे गुरुत्वमध्य, एका ठरावीक उंचीच्या खाली असेल तोवरच हे घडतं. आपल्या ६० रुंदीच्या नावेत ती उंची तळापासून सुमारे ४७ सेंटिमीटर भरते, ४० रुंदीच्या नावेत फक्त १८. पाय पसरून तळाला बसलेल्या मुलाचा गुरुत्वमध्य साधारण २० ते २५ सेंटिमीटरवर असतो. म्हणजे रुंद नाव सावरते, अरुंद नाव टाकून देते. या सावरण्याच्या ताकदीत रुंदीचा घन येतो. रुंदी दीडपट केली की ताकद तिपटीहून जास्त होते. आणि तेच मूल रुंद नावेत उभं राहिलं, तर गुरुत्वमध्य पाऊण मीटरच्या आसपास जातो आणि तीही उलटते. डोंग्यात उभं राहू नको, असं घरचे बजावतात त्यामागचं गणित हेच.

आता भिजण्याकडे वळू. खोक्याचा पुठ्ठा ब्लेडने आडवा कापून कडेकडे नीट पाहिलं, तर दोन कागदांच्या मध्ये नागमोडी पन्हळी दिसतात. प्रत्येक पन्हळ म्हणजे एक बारीक नळी. पाणी सपाट पृष्ठभागातून सावकाश शिरतं, या उघड्या कडांतून मात्र भराभर चढतं. शिवाय पन्हळी चिकटवलेल्या असतात त्या स्टार्चने, आणि स्टार्च ओला झाला की थर सुटतात. म्हणून घरची कणकेची खळ इथे चालत नाही; लाकडाला लावायचा पाण्यात न विरघळणारा गोंद हवा, आणि ऑइलपेंट आधी कडांना. पळसावरच्या लाखेचा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून दोन-तीन हात दिले, तरी अर्ध्या तासाच्या वापराला पुरतात. थर लावताना पन्हळी एकमेकींना काटकोनात ठेवाव्यात, कारण पुठ्ठा पन्हळींच्या रेषेवर सहज दुमडतो. दोन थर नुसते एकावर एक ठेवले तर ताठपणा दुप्पट होतो, पूर्ण चिकटवले तर जवळपास चौपट. गोंदाच्या एका डब्याने एवढा फरक पडतो!

यावर कुणी म्हणेल, वरून प्लास्टिकचा कागद गुंडाळा, कटकट मिटली. प्लास्टिक पाणी अडवेल, पण मुलाच्या बसण्याच्या जागी तळ खचतो तो खचेलच, आणि अरुंद नाव प्लास्टिकातही उलटेल. दुसरा आक्षेप गंभीर आहे: तलावाजवळ मुलांना न्यायचंच कशाला? बरोबर आहे, नेऊ नये. गुडघाभर पाण्याचं सिमेंटचं टाकं पुरतं, अंगात लाइफ जॅकेट हवं, आणि मुलाआधी नावेत तांदळाची पोती बसवावीत. गोंदियात तांदळाला काय तोटा! बाहेरच्या भिंतीवर चारी बाजूंनी तळापासून ७ सेंटिमीटरवर खडूची रेघ मारावी, मग ४० किलो तांदूळ मधोमध ठेवावेत आणि पाणी कुठे टेकतं ते पाहावं. रेघेच्या वर टेकलं तर वजनाचा हिशेब चुकला आहे. एका बाजूला वर आणि दुसरीकडे खाली टेकलं तर भार मधोमध नाही. मग नाव बाहेर काढायची, पुसायची, आणि हिशेबाची वही पुन्हा उघडायची.