चीनमध्ये बाळंतिणीने ‘महिना बसण्याचा’ रिवाज. त्यातलं जपायचं काय, सोडायचं काय?

बाळंतिणीने सव्वा महिना घराबाहेर पडायचं नाही, कानाला फडकं बांधायचं, गार पाण्यात हात घालायचा नाही. आपल्याकडे घरोघरी ऐकू येणारे हे नियम चीनमध्येही जवळपास असेच आहेत. तिथे या रिवाजाला ‘झुओ युएझी’ म्हणतात. शब्दशः अर्थ ‘महिना बसणे’. 30 ते 40 दिवसांचा हा काळ आजही शांघाय, तैपेईसारख्या शहरांतल्या शिकल्यासवरल्या घरांत पाळला जातो.

यामागचा विचार काय?

चिनी पारंपरिक वैद्यकानुसार रक्त उष्ण असतं. प्रसूतीत रक्त गेलं की शरीर ‘थंड’ पडतं. अशा वेळी अंगात वारा शिरला तर पुढे सांधेदुखी, डोकेदुखी कायमची मागे लागते, अशी समजूत आहे. म्हणून खिडक्या बंद, पंखा-एसी बंद. अंघोळ नाही, केस धुणं नाही. थंड पाणी आणि कच्च्या भाज्याही वर्ज्य.

ताटात काय असतं?

ग्वांगडोंग प्रांतात आलं, गोडसर काळं व्हिनेगर, डुकराचे पाय आणि अंडी एकत्र शिजवतात. तैवानमध्ये तिळाच्या तेलात आलं परतून तांदळाच्या दारूत शिजवलेली कोंबडी देतात. उत्तर चीनमध्ये राळ्याची पेज, अंडी आणि लाल साखरेचं गरम पाणी. दूध यावं म्हणून मासळीचं सार. आपल्याकडच्या डिंकाच्या लाडवांची आणि अळिवाच्या खिरीची जागा तिथे या पदार्थांनी घेतली आहे.

सेवा कोण करतं?

पूर्वी हे काम सासू किंवा आई करायची. आता अनेक घरांत ‘युएसाओ’ म्हणजे पगारी बाळंतसेविका ठेवतात. शहरांत खास बाळंतीण केंद्रंही आहेत. पण त्यांचा खर्च सगळ्यांना झेपत नाही. महिना भरला की नातेवाइकांना जेवण देतात, लाल रंगवलेली अंडी वाटतात.

धोका कुठे आहे?

जुलै 2017 मध्ये शांडोंग प्रांतातल्या जिनान शहरात भर उन्हाळ्यात एसी न लावता पांघरुणात राहिलेल्या एका बाळंतिणीचा उष्माघाताने मृत्यू झाला. चिनी डॉक्टर आता खोलीत हवा खेळती ठेवा, कोमट पाण्याने अंग धुवा, असंच सांगतात. सतत पडून राहिल्याने पायांतल्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. दारूचा अंश अंगावरच्या दुधात उतरतो. फळं-भाज्या बंद केल्या तर बद्धकोष्ठता होते.

मग रिवाज वाईट का? मुळीच नाही. महिनाभर घरकामातून सुट्टी, वेळेवर गरम जेवण, रात्री बाळ घ्यायला हक्काचं माणूस हे त्यातलं खरं औषध आहे. सोडायची आहे ती कोंडलेली खोली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार पहिल्या 24 तासांत, मग 48 ते 72 तासांत, 7 ते 14 दिवसांत आणि सहाव्या आठवड्यात आई-बाळाची तपासणी व्हायला हवी. जास्त रक्तस्राव, ताप, एका पायाला सूज, धाप किंवा सततचं रडू येणं दिसलं, तर महिना पुरा व्हायची वाट पाहू नये. मग घर चीनमधलं असो की आपलं. बाळंतिणीला तडक दवाखान्यात न्यावं.