पाने हलविताना दुवे कसे राखावेत

आपल्या गावची माहिती, किल्ल्यांची चित्रे, वडीलधाऱ्यांच्या तोंडच्या आठवणी यांची पाने रचावयाची, ती एकमेकांस दुव्यांनी जोडावयाची व संगणकावर एक लहानसे संकेतस्थळ सिद्ध करावयाचे, हा उद्योग आता शाळेतील विद्यार्थ्यांस असाध्य राहिलेला नाही. भोर व वेल्हे या भागांत तर अशा कामास विषयांची मुळीच वाण नाही. नीरा-देवघर, पानशेत या धरणांच्या पाण्याखाली गेलेल्या गावांची आठवण सांगणारी माणसे अद्याप आपल्या घरांत आहेत. त्यांचे शब्द व त्यांच्या पेटीतील छायाचित्रे कोणी वेळीच उतरवून ठेवली, तर ते मोठेच काम होईल.

परंतु असे काम करणाऱ्याची एका विघ्नाशी हटकून गाठ पडते. घरच्या संगणकावर सर्व काही यथास्थित दिसते. मग तीच पाने पेन-ड्राइव्हवर उतरवून शाळेत आणावीत, तो छायाचित्रांच्या जागी रिकाम्या चौकटी. आणि दुव्यावर टिचकी मारावी, तर फाइल सापडत नसल्याचा निरोप! डोंगराकडील वाड्यांत जेथे इंटरनेट मंद चालते, तेथे पेन-ड्राइव्हवाचून गत्यंतर नसते. म्हणून या विघ्नाचे कारण नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

दुवा म्हणजे काय, हे प्रथम पाहू. टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञाने १९८९ साली जिनीव्हाजवळील सर्न या संस्थेत काम करीत असता वेबची कल्पना मांडली. एका पानातून दुसऱ्या पानाकडे तत्काळ जाता यावे, हे तिचे मर्म होय. परंतु दुव्यामध्ये ते दुसरे पान साठविलेले नसते. छायाचित्रही पानास चिकटविलेले नसते. तेथे लिहिलेला असतो तो केवळ पत्ता. पान उघडले की ब्राउझर त्या पत्त्यावर जातो व तेथे जे मिळेल ते आणून दाखवितो. तेथे काही मिळाले नाही, तर तो शेजारीपाजारी चौकशी करीत बसत नाही. फाइल डोळ्यांसमोर असूनही दुवा तुटतो, तो यामुळे.

आता पत्ता दोन तऱ्हांनी सांगता येतो. 'भोर संस्थान' येथपासून आरंभ करून गाव, आळी, घर असा क्रमाने खाली उतरत जाणारा तो पूर्ण पत्ता. 'आमच्या दारातून निघा, डावीकडचे तिसरे घर' असे सांगितले, तर तो सापेक्ष पत्ता. १९४८ साली भोर संस्थान विलीन झाले व पहिला पत्ता जुना झाला. वेल्हे तालुक्याचेही नाव २०२५ साली राजगड असे झाले. परंतु या सर्व स्थित्यंतरांत डावीकडचे तिसरे घर मात्र तिसरेच राहिले.

संगणकावरही हाच न्याय लागू पडतो. समजा, 'गावे' नावाच्या फोल्डरात मुख्य पान आहे व त्याच फोल्डरात 'चित्रे' नावाचे दुसरे फोल्डर आहे. (नावे आम्ही येथे देवनागरीत लिहीत आहो, प्रत्यक्षात ती रोमन लिपीत लिहावीत.) मुख्य पानात छायाचित्राचा पत्ता 'सी:/अभ्यास/गावे/चित्रे/घाट.जेपीजी' असा लिहिला, तर तो पूर्ण पत्ता झाला. शाळेच्या संगणकावर 'अभ्यास' नावाचे फोल्डर असेलच असे नाही. तेथे हा पत्ता निरुपयोगी होतो. तोच 'चित्रे/घाट.जेपीजी' एवढाच लिहिला, तर ब्राउझर आपण उभे असलेल्या पानापासून वाट मोजतो. मग 'गावे' हे फोल्डर कोठेही नेले, तरी वाट चुकत नाही.

एका फोल्डरातून बाहेर पडून वर यावयाचे असल्यास दोन टिंबे व एक तिरकी रेघ लिहितात. 'आठवणी' नावाच्या आतील फोल्डरातील पानास तेच छायाचित्र हवे असेल, तर '../चित्रे/घाट.जेपीजी' असे लिहावे. म्हणजे 'उंबरा ओलांडून बाहेर या व चित्रांच्या खोलीत जा.' मात्र पत्त्याच्या अगदी आरंभी नुसती तिरकी रेघ घालू नये. तिचा अर्थ 'अगदी मुळापासून' असा होतो. इंटरनेटवर संकेतस्थळाचे मूळ ठरलेले असते. पेन-ड्राइव्हवर तसे नसल्यामुळे असे दुवे तेथे हमखास तुटतात.

तर मग पूर्ण पत्ता सर्वथा वर्ज्य समजावा काय? तसे नव्हे. मराठी विकिपीडियावरील एखाद्या लेखाकडे बोट दाखवावयाचे असेल, तर पूर्ण पत्ताच दिला पाहिजे. कारण तो लेख आपल्या फोल्डराबरोबर प्रवास करीत नाही. जे आपल्याबरोबर हलते त्यास सापेक्ष पत्ता, जे आपल्या जागी राहते त्यास पूर्ण पत्ता, एवढे सूत्र ध्यानी धरावे. २००९ साली याहू कंपनीने लोकांची पाने विनामूल्य ठेवणारी जिओसिटीज ही सेवा अमेरिकेत बंद केली. तेव्हा आपल्याच पानांचे आपसांतील दुवे ज्यांनी सापेक्ष ठेविले होते, त्यांस ती पाने उचलून अन्यत्र मांडणे सोपे होते. ज्यांनी पानोपानी जुन्या स्थळाचा पूर्ण पत्ता लिहिला होता, त्यांस एकेक दुवा दुरुस्त करणे भाग होते.

आता प्रत्यक्ष व्यवहाराच्या चार गोष्टी. पहिली, सुटी पाने न उचलता सबंध फोल्डर उचलावे व आतील मांडणी बदलू नये. एकच पान निराळ्या फोल्डरात टाकले, तर त्याची वाट बदलते. दुसरी, फाइलींची नावे लहान रोमन अक्षरांत व मध्ये मोकळी जागा न सोडता लिहावीत; कारण विंडोजवर लहानमोठ्या अक्षरांचा भेद चालून जातो, परंतु लिनक्सवर चालणाऱ्या सर्व्हरवर सहसा चालत नाही. तिसरी, पानात चित्र घालण्यापूर्वीच ते 'चित्रे' या फोल्डरात आणून ठेवावे. चौथी गोष्ट फार महत्त्वाची. प्रत काढल्यावर मूळ फोल्डराचे नाव थोडा वेळ बदलावे व मगच प्रतीतील सर्व दुवे तपासावेत. मूळ फोल्डर जागेवर असेतोपर्यंत नव्या प्रतीतील चुकीचा पत्ताही जुन्याच चित्राकडे नेतो. सर्व ठीक असल्याचा भास होतो आणि दोष उघडकीस येतो तो परगावी.

पालकांसही आमची विनंती आहे की, मुलांनी जमविलेली अशी पाने नव्या संगणकावर नेताना त्यांना ही तपासणी करावयास लावावी. संगणक जुने होतात, पेन-ड्राइव्ह हरवतात; म्हणून प्रती दोन तरी असाव्यात. आजोबांनी ज्या घाटावर पोहणे शिकले तो घाट आज पाण्याखाली आहे. त्याचे एकुलते एक छायाचित्र नातवंडांस दिसावे की त्या जागी रिकामी चौकट दिसावी, हे पत्त्याच्या एका ओळीवर अवलंबून असते. ती ओळ नीट लिहावयास फार तर अर्धा मिनिट लागतो.