परभणी जिल्हा : एका दिवसात काय पाहावे?

उत्तर की दक्षिण? परभणीहून जिंतूर उत्तरेला आणि गंगाखेड दक्षिणेला, दोन्ही सुमारे ४० किमी. एका दिवसासाठी उत्तरच निवडावी, कारण तिथली ठिकाणे निवांत, बारकाईने पाहावी लागतात. जिंतूरजवळच्या नेमगिरीच्या भुयारी जैन गुंफांत पार्श्वनाथांची भव्य पाषाणमूर्ती लहानशा दगडावर तोललेली आहे. गुंफेची दारे इतकी ठेंगणी की वाकूनच आत जावे लागते. पुढे चारठाण्याला यादवकालीन मंदिरे, बारव आणि नक्षीदार उंच स्तंभ. पूर्णा नदीवरचे येलदरी धरणही जिंतूर तालुक्यातच.

संत जनाबाईंचे गंगाखेड यात राहून जाते, हा आक्षेप रास्त आहे. पण तिथला गोदावरीकाठ घाईने उरकण्यापेक्षा त्याला वेगळा दिवस द्यावा. गंगाखेड परभणी–परळी लोहमार्गावर असल्याने तिथे रेल्वेनेही जाता येते.

खाणे : ज्वारीची भाकरी, पिठले, ठेचा, हिवाळ्यात हुरडा. ‘परभणी शक्ती’ हे लोह व जस्त अधिक असलेले ज्वारीचे वाण २०१८चे, इथल्याच कृषी विद्यापीठाच्या (स्थापना १९७२) सहभागातून आलेले.

लक्षात ठेवा : परभणीतील तुराबुल हक दर्ग्याचा उरूस फेब्रुवारीत भरतो.