साक्षीदार उभा राहावा म्हणून

खुनाच्या खटल्यात एका बाजूला आरोपी असतो आणि दुसऱ्या बाजूला सरकार. ज्यांचं माणूस गेलं, त्यांना या मांडणीत फारशी जागा नाही. फिर्याद द्यायची, बोलावतील तेव्हा साक्ष द्यायची आणि निकालाची वाट बघायची, एवढंच त्यांचं काम. नीलम कटारा यांनी हे मानलं नाही. त्यांच्या पंचवीस वर्षांच्या मुलाचा, नितीशचा, २००२ मध्ये खून झाला. त्यानंतरची दोन दशकं त्यांनी दिल्लीच्या न्यायालयांत काढली. मुलाच्या मारेकऱ्यांना शिक्षा मिळवून देणारी आई म्हणून त्या ओळखल्या जातात आणि ते खरंच आहे. पण ज्यांना त्या खटल्यात कधीच साक्ष द्यायची नव्हती अशा हजारो माणसांवर परिणाम करणारं त्यांचं एक काम आहे. त्याची आठवण कमी काढली जाते.

१६ फेब्रुवारी २००२ च्या रात्री नितीश गाझियाबादला एका लग्नाला गेला होता. बरोबर शिकलेल्या एका मुलीशी त्याचे प्रेमसंबंध होते. ती मुलगी उत्तर प्रदेशात मंत्रिपद भोगलेल्या आणि पश्चिम उत्तर प्रदेशात दबदबा असलेल्या डी. पी. यादव यांची. लग्नाच्या मांडवातून तिचा भाऊ विकास आणि चुलतभाऊ विशाल यांनी नितीशला बाहेर नेलं. नितीश परत आला नाही. नीलम यांनी गाझियाबादच्या कविनगर पोलिसांत धाव घेतली आणि फिर्यादीत यादव बंधूंची नावं सांगितली. त्या भागात ती नावं घेणं ही साधी गोष्ट नव्हती.

बुलंदशहर जिल्ह्यात खुर्ज्याजवळ एक जळालेला मृतदेह सापडला होता. चेहरा ओळखू येण्यासारखा उरला नव्हता. आईने मुलगा ओळखला तो हातावरून. नितीशचा तळवा लहान होता, लहान मुलासारखा. तेवढा एक हात आगीतून वाचला होता. पुढे डीएनए चाचणीने तेच सिद्ध केलं. न्यायालयात ही ओळख त्यांना शब्दांत सांगावी लागली आणि बचाव पक्षाच्या उलटतपासणीलाही सामोरं जावं लागलं.

नीलम कटारा केंद्रीय विद्यालय संघटनेत अधिकारी होत्या. पती सरकारी सेवेत, पण गंभीर आजारी. खटला उभा राहत असतानाच तेही गेले. घरात त्या आणि धाकटा मुलगा. समोर मात्र पैसा होता, राजकारण होतं आणि आणखी एक गोष्ट होती. विकास यादव त्या वेळी जेसिका लाल खून प्रकरणात पुरावा नष्ट केल्याच्या आरोपाखाली जामिनावर बाहेर होता. जेसिकाचा खून १९९९ मध्ये भरल्या पार्टीत झाला होता. तो पाहिलेल्यांपैकी एकेक जण पुढे न्यायालयात आपला जबाब फिरवत गेला. नितीशच्या खटल्यात काय होऊ शकतं, याचा नमुना असा आधीच समोर होता.

म्हणून त्यांनी पहिली लढाई लढली ती खटला कुठे चालवायचा याची. गाझियाबादच्या न्यायालयात साक्षीदाराने आरोपीच्या माणसांच्या गर्दीतून वाट काढत पिंजऱ्यापर्यंत जायचं आणि तिथे खरं बोलायचं, ही अपेक्षाच फोल होती. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि ऑगस्ट २००२ मध्ये खटला दिल्लीला वर्ग झाला. पुढचा सगळा इतिहास या एका आदेशावर उभा आहे. खटला गाझियाबादमध्येच राहिला असता, तर आज त्याचा मागोवा घेण्याची वेळ कदाचित आली नसती.

दुसरी लढाई साक्षीदारांची होती. नितीशला मारताना पाहिलेलं कोणी नव्हतं. सगळा खटला परिस्थितीजन्य पुराव्यावर होता. अशा खटल्यात मयत आणि आरोपी शेवटचे एकत्र कोणी पाहिले, याला फार महत्त्व असतं. हापूर चुंगीच्या नाक्यावर त्या रात्री विकास, विशाल आणि त्यांचा साथीदार सुखदेव पहलवान यांच्या गाडीत नितीशला पाहिल्याचं सांगणारा एक साक्षीदार पुढे आला. त्याचंही आडनाव कटाराच होतं, पण नातं काही नव्हतं. बाकीचे काही साक्षीदार फितूर झाले, हा ठाम राहिला. त्याला पुढे पोलिस संरक्षणात जगावं लागलं. ज्या मुलीसाठी हे सगळं घडलं ती परदेशी गेली होती. न्यायालयाने वारंवार बोलावल्यावर २००६ च्या अखेरीस तिची साक्ष झाली, तेव्हा नितीश केवळ मित्र होता असं तिने सांगितलं. न्यायालयाने तिची पत्रं आणि शुभेच्छापत्रं पाहिली आणि वेगळा निष्कर्ष काढला.

त्या काळी साक्षीदाराने धमकीची तक्रार करायची कोणाकडे? पोलिसांकडे. आणि पोलिसच दबावाखाली असले तर? याला कायद्यात उत्तर नव्हतं. नीलम कटारा यांनी नेमका हाच प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयात रिट याचिकेने नेला. १४ ऑक्टोबर २००३ रोजी न्यायालयाने मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. फाशी किंवा जन्मठेपेची शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत साक्षीदाराला संरक्षण मागता येईल, ही विनंती दिल्ली विधी सेवा प्राधिकरणाचे सदस्य सचिव तपासतील, जबाब घेतानाच पोलिस अधिकाऱ्याने साक्षीदाराला या तरतुदीची माहिती द्यायची आणि धोका किती, साक्ष किती महत्त्वाची हे पाहून निर्णय घ्यायचा. विधिमंडळ कायदा करेपर्यंत हे नियम लागू राहतील, असं न्यायालयाने म्हटलं. वाचायला हे कोरडं वाटतं, पण साक्षीदाराचं रक्षण ही सरकारची जबाबदारी आहे हे त्यामुळे पहिल्यांदा कार्यपद्धतीच्या रूपात कागदावर आलं. निकालाला नाव एका आईचं: नीलम कटारा विरुद्ध भारत सरकार.

पुढच्या काही वर्षांत देशात याच प्रश्नाचा गवगवा झाला. गुजरात दंगलीतल्या, वडोदऱ्याच्या बेस्ट बेकरी हत्याकांडाच्या खटल्यात साक्षीदार उलटले होते आणि सगळे आरोपी सुटले होते. एप्रिल २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेरखटल्याचा आदेश दिला आणि तो महाराष्ट्रात, मुंबईत चालला. तिथे २००६ च्या फेब्रुवारीत नऊ जणांना जन्मठेप झाली. त्याच महिन्यात दिल्लीत जेसिका लाल खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले आणि लोक रस्त्यावर आले. वर्ष संपायच्या आत उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. त्यात विकास यादवलाही पुरावा नष्ट केल्याबद्दल शिक्षा झाली. जेसिकाची बहीण, दिल्लीत खून झालेल्या प्रियदर्शिनी मट्टूचे वडील आणि नीलम कटारा ही नावं त्या काळात वर्तमानपत्रांत एका ओळीत येऊ लागली. सगळ्यांचं दुःख एकाच जागी अडलेलं होतं.

नितीशच्या खटल्याचा निकाल मे २००८ मध्ये लागला. विकास आणि विशाल दोषी ठरले, जन्मठेप झाली. फरार असलेला सुखदेव २००५ मध्ये पकडला गेला होता. त्याच्यावर वेगळा खटला चालून २०११ मध्ये त्यालाही जन्मठेप झाली. एप्रिल २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली आणि हा खून घराण्याच्या तथाकथित इज्जतीसाठी केलेला असल्याचं म्हटलं. मुलगा आपल्या बरोबरीचा नाही, एवढाच त्याचा अपराध होता.

आपल्याकडे निकाल लागला की बातमी संपते. नीलम कटारा मात्र निकालानंतरही तारखांना जात राहिल्या. पैसेवाल्या कैद्याचा तुरुंगवास कसा पातळ होत जातो, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. कधी जामीन, कधी पॅरोल, कधी रुग्णालयातले लांबलचक मुक्काम. प्रत्येक अर्जाला त्यांनी हरकत घेतली. २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने शिक्षा वाढवली तेव्हा या रुग्णालयी मुक्कामांचीही दखल घेतली गेली. विकास आणि विशालला खुनासाठी शिक्षेत सूट न देता पंचवीस वर्षं आणि पुरावा नष्ट केल्याबद्दल आणखी पाच वर्षं ठरली. ऑक्टोबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या शिक्षा एकाच वेळी भोगायच्या असं सांगितल्यामुळे त्यांची पंचवीस वर्षं आणि सुखदेवची वीस वर्षं कायम झाली. फाशीची मागणी कोणत्याच न्यायालयाने मान्य केली नाही. नीलम यांनी ती केली होती. फाशीला विरोध असणाऱ्या माझ्यासारख्याला ती पटत नाही, पण त्यांच्या कामाचं मोल तिच्यावर ठरत नाही.

ते मोल २०१८ मध्ये स्पष्ट झालं. स्वयंघोषित संत आसाराम याच्या बलात्कार प्रकरणातल्या एका साक्षीदारावर हल्ला झाला होता. तो आणि इतर काही जण सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांत खून झालेल्या एका साक्षीदाराचे वडीलही होते. ५ डिसेंबर २०१८ रोजी न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजना मान्य केली आणि संसद कायदा करेपर्यंत ती सर्व राज्यांवर बंधनकारक केली. दिल्लीने २०१५ मध्येच स्वतःची योजना आणली होती. २००३ ला एका शहरापुरतं जे सुरू झालं, ते पंधरा वर्षांनी देशभर पोहोचलं. आता फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९८ ने प्रत्येक राज्य सरकारने अशी योजना तयार करून अधिसूचित करणं बंधनकारक केलं आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. महाराष्ट्राने तर त्याआधीच, २०१७ चा साक्षीदार संरक्षण आणि सुरक्षा कायदा केला होता.

कायदा आला, पण तोपर्यंत महाराष्ट्रात काय घडलं हे सांगितल्याशिवाय हा मागोवा पुरा होत नाही. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, जामखेड तालुक्यातल्या खर्डा गावी २८ एप्रिल २०१४ रोजी नितीन आगे या सतरा वर्षांच्या दलित मुलाचा खून झाला. उच्च जातीतल्या मुलीशी बोलतो, हे कारण सांगितलं गेलं. नितीश कटाराच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने खुनाच्या मुळाशी इज्जतीचं खूळ असल्याचं म्हटलं, त्याच महिन्यातली ही घटना. नितीनचे वडील राजू आगे मजुरी करणारे. तेही न्यायालयाच्या पायऱ्या चढत राहिले. पण नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयाने सगळ्या आरोपींना सोडलं, कारण साक्षीदार एकामागून एक फितूर झाले होते. त्यांत गावातली माणसं होती आणि शाळेतलीही. मुलाला कोणी मारलं, या प्रश्नाला न्यायालयाच्या कागदावर उत्तर राहिलं नाही.

दोन पालक, दोन्ही तितकेच चिवट. एका आईजवळ इंग्रजी होती, सरकारी नोकरी होती, दिल्लीतलं घर होतं, वकिलांपर्यंत आणि वार्ताहरांपर्यंत पोहोच होती. तिने खटला दुसऱ्या राज्यात नेला आणि साक्षीदारासाठी न्यायालयाचं दार ठोठावलं. खर्ड्याच्या मजुराला यातलं काही साधलं नाही, कारण साक्षीदार आणि आरोपी एकाच गावात, एकाच बाजारात, एकाच पाणवठ्यावर भेटणारे. जीव धोक्यात घालून साक्ष द्यायची आणि रात्री त्याच गल्लीत झोपायचं, हे किती जणांना जमेल? न्याय मिळण्यासाठी मृताच्या आईवडिलांनी असाधारण असावं लागतं, ही व्यवस्थेच्या अपयशाची कबुली आहे. नीलम कटारा यांचं मोठेपण सांगताना आपण हे विसरतो.

त्या स्वतः थांबलेल्या नाहीत. २०२५ मध्ये वीस वर्षं पुरी झाल्यावर सुखदेव पहलवानच्या सुटकेचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला. विकास यादवला त्याच वर्षी आईच्या आजारपणासाठी अंतरिम जामीन मिळाला. प्रत्येक अर्ज म्हणजे पुन्हा वकील, पुन्हा तारीख. लढाईची किंमत माणूस आयुष्यभर मोजत राहतो, ती अशी.

म्हणून शेवटी एक कामाची गोष्ट. तुमच्या ओळखीत कोणी एखाद्या गंभीर खटल्यात साक्षीदार असेल आणि त्याला धमक्या येत असतील, तर त्याला एवढं नक्की सांगा. २०१८ च्या योजनेप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली समिती असते. जिल्ह्याचे पोलिस प्रमुख आणि सरकारी वकिलांचे प्रमुख तिचे सदस्य असतात. ठरलेल्या नमुन्यात अर्ज करायचा. तो साक्षीदार स्वतः करू शकतो, त्याच्या घरचे करू शकतात, वकील किंवा तपास अधिकारीही करू शकतात. अर्ज आल्यावर पोलिस उपविभागाचा अधिकारी धोक्याचा अहवाल तयार करतो. गरजेप्रमाणे घरावर पहारा, कॅमेरे, न्यायालयात सरकारी वाहनाने ने-आण, आरोपीसमोर न येता साक्ष, ओळख गुप्त ठेवणं, अगदी दुसरीकडे राहायची सोय, असे उपाय मिळू शकतात. हा कोणाचा उपकार नाही, साक्षीदाराचा हक्क आहे. तो मागितला तरच वापरात येईल आणि तो वापरला गेला, तरच पुढच्या राजू आगेंना नीलम कटारा व्हावं लागणार नाही.