परतीचं तेल

संपादकांनी फोनवर एवढंच सांगितलं होतं की कोल्हापूरवर लिहा, पण तांबड्या-पांढऱ्यावर नको, चपलेवर नको आणि कुस्तीवर तर नकोच. मग उरतं काय, असं विचारायचं धाडस मला झालं नाही. मी शिवाजी उद्यमनगरात गेलो.

उद्यमनगराची कथा उसापासून सुरू होते. नदीचं पाणी मळ्यात चढवायला ऑइल इंजिनं आली, ऊस गाळायला चरक आले आणि दोन्ही मोडायलाही लागली. ऐन गुऱ्हाळाच्या दिवसांत इंजिन पुण्या-मुंबईला कोण पाठवणार? मग इथेच साचा करणारे, ओतणारे, लेथवर कातणारे एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून बसले. पुढे कारखाने शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलकडे पसरले. ‘मेस्त्री’ हा शब्द मात्र इथे अजून मानाने उच्चारला जातो. स्वतःचा सिनेमा कॅमेरा स्वतः बनवून 1920 साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणणाऱ्या बाबूराव पेंटरांचं मूळ आडनावही मेस्त्रीच. इतिहास एवढाच टिपून झाला होता, तोच एका बोळातल्या गाळ्यातून मोठ्याने आकडे ऐकू आले.

“नऊ, धा, अकरा…”

आत साठीच्या पुढचा एक माणूस लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेल्या बुलेटच्या इंजिनच्या केसमध्ये चहाच्या कपाने डिझेल ओतून खाली बघत होता. केसखाली स्टीलची परात. शेवटचा थेंब परातीत पडला तेव्हा आकडा एकोणीसवर होता. त्यांनी मान हलवली आणि एक तार उचलली.

“बारा पायजे,” ते म्हणाले. मला, की त्या केसला, ते कळलं नाही.

पुढचे तीन दिवस मी त्या गाळ्यात बसलो.

जुनी, लोखंडी सिलिंडरची, 350 सीसीची बुलेट ही मूळ इंग्लंडातली. आपल्या लष्कराला ती पसंत पडली आणि 1955 पासून मद्रासजवळ तिची जुळणी सुरू झाली. सिलिंडरचा व्यास 70 मिलिमीटर, पिस्टनची धाव 90. म्हणूनच तिचा आवाज असा सावकाश, एकेक शब्द तोडून बोलल्यासारखा. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्याला. हे सगळं बुलेटवाले पाठ म्हणून दाखवतात. तिच्या पोटात तेल कसं फिरतं, हे विचारलं की मात्र बहुतेकांची गाडी अडखळते.

आजच्या बहुतेक मोटारसायकलींत तेल इंजिनच्या तळाशीच साठलेलं असतं. बुलेटमध्ये तसं नाही. तिच्या केसमध्येच तेलाची वेगळी टाकी ओतलेली असते, सव्वादोन लिटरच्या आसपास तेल मावणारी. क्रँकच्या टोकाला उलट्या आट्यांचा एक वर्म असतो. नवशिका हमखास तो चुकीच्या बाजूला फिरवून मोडतो. हा वर्म एक तिरका दांडा फिरवतो आणि त्या दांड्यावर दोन पंप चालतात. एक तेल टाकीतून बिग एंडकडे, म्हणजे क्रँक आणि कनेक्टिंग रॉडच्या सांध्याकडे ढकलतो, दुसरा तळाशी ओघळून आलेलं तेल उपसून परत पाठवतो. परतीचा पंप मुद्दाम जास्त ताकदीचा ठेवलेला असतो, कारण तळात तेल साचलं की क्रँक त्यात घुसळत बसते.

पण हेडमध्ये चढलेल्या तेलाला खाली आणायला कुठलाच पंप नाही. बाहेरच्या बारीक नळ्यांतून ते रॉकरपर्यंत जातं, तिथे आपलं काम करतं आणि मग पुशरॉडच्या बोगद्यातून स्वतःच्या वजनाने खाली ओघळतं. बोगदा ऐसपैस आहे. अडचण होते ती तळाशी, टॅपेटच्या खोलीत, जिथे बारक्या भोकांतून त्याला पुढे जायचं असतं.

“वर तेल गेलं का, हे समदी बघत्यात,” मेस्त्री म्हणाले. “झाकण उघडायचं, किक मारायची, थेंब दिसला की खूश. खाली आलं का, हे कोन इचारतंय?”

भोक तुंबलं की इंजिन बंद पडत नाही, हीच खरी गोम. टॅपेटच्या झाकणातून तेल पाझरतं. मालक गॅस्केट बदलतो. पुन्हा पाझरतं. तो झाकणाला पेस्ट थापतो. ‘बुलेट म्हटली की तेल गळणारच’ असं सगळेच म्हणत असल्यामुळे त्याचं समाधानही होतं. मी स्वतः अकरा वर्षं असंच समाधान मानून घेतलं होतं, हे मेस्त्रींना सांगितलं नाही.

त्यांचं हत्यार म्हणजे क्लचच्या जुन्या केबलमधली एकच तार, टोकाला नखाएवढी वळवलेली. ड्रिल ते भोकाजवळ येऊ देत नाहीत. ड्रिल घाण काढताना भिंतही खरवडतं, आणि या भोकांचा आकार कुणीतरी विचार करून ठरवलेला आहे. त्यांनी तार आत घातली, अर्धा फेरा दिला, बाहेर काढली आणि टोकाला आलेलं लालसर काहीतरी बोटावर चोळून मला दाखवलं. रबरासारखं लागलं. ती गॅस्केटची पेस्ट होती. कुणीतरी गळती थांबवायला भरपूर थापलेली. झाकण आवळल्यावर ती आतल्या बाजूला फुगली, तिचा तुकडा तुटला आणि भोकाशी जाऊन बसला. गळती थांबवायच्या औषधानेच गळती सुरू केली होती. पुन्हा डिझेल ओतलं. यावेळी तेरा. पुन्हा तार. मग बारा.

हा बारा कुठल्याही पुस्तकात नाही. त्यांचा कप, त्यांचं डिझेल आणि त्यांच्या मोजण्याची लय, यांतून तो आला आहे. पूर्वी हीच परीक्षा ते रॉकेलने घेत. रेशनचं रॉकेल मिळेनासं झालं तेव्हा आकडे नव्याने ठरवावे लागले, याचा त्यांना अजून राग आहे.

त्यांची उमेदवारी फाउंड्रीत झाली होती. ओतकामात पोकळी हवी असेल तिथे वाळूचा कोअर ठेवतात, भोवती धातू ओततात आणि मग ती वाळू ठोकून काढतात. सगळी निघाली असं वाटतं, पण कोपऱ्यात चिमूटभर राहतेच. “पोकळ जागेवर इश्वास ठेवायचा न्हाई,” हे ते तिथे शिकले. 2019 च्या आणि मग 2021 च्या महापुराने हा धडा सगळ्या शहराला दिला. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट. दोन्ही वेळा पाणी 55 फुटांच्या वर गेलं. ओसरल्यावर गाळ्यासमोर बुडालेल्या गाड्यांची रांग लागली. ज्यांनी घाईने किक मारली होती, त्यांनी नदीचा गाळ पंपाकरवी इंजिनभर फिरवला होता. हा गाळ वाळला की बारीक भोकांत भाजल्या विटेसारखा घट्ट होतो. हवेने तो हलत नाही. आधी भिजवायचा, मग तार.

सोपं काम इथे संपलं. समोरची गाडी ज्याची होती, त्याने केस आणि इंजिनच्या बाजूचं टायमिंग कव्हर आणण्याआधी चकचकीत करून घेतलं होतं, काचेच्या बारीक मण्यांचा मारा करून. अॅल्युमिनियम चांदीसारखं दिसत होतं. मेस्त्रींनी ते पाहून कपाळाला हात लावला.

हे मणी दाणेदार साखरेपेक्षा बारीक असतात आणि दिसेल त्या भोकात शिरतात. टायमिंग कव्हरमधल्या तेलाच्या वाटा बाहेरून छिद्र पाडून केलेल्या असतात आणि नंतर त्यांची बाहेरची तोंडं प्लगने बंद केलेली असतात. म्हणजे प्रत्येक वाटेला एक बंद टोक. मणी तिथे जाऊन बसतात. कॉम्प्रेसरची हवा बंद टोकावर आपटून परत येते, चार मणी बाहेर आणते, चाळीस तिथेच ठेवते. नंतर गरम तेल फिरलं की ते एकेक करून निघतात आणि थेट बिग एंडच्या बुशमध्ये जातात. तिथे काचेचा एक कण काय करतो, हे मेस्त्रींनी जपून ठेवलेल्या एका जुन्या बुशवर दाखवलं. सुरीने ओढल्यासारखे चरे.

उपाय एकच, प्लग काढायचे. काही आट्यांचे होते, ते सुटले. एक ठोकून बसवलेला होता. त्याच्या बरोबर मध्यभागी ड्रिल मारून, आटे पाडून, ओढून काढावा लागतो. ड्रिल केसभर सरकलं तर कव्हर गेलं, आणि पुढच्या काळातल्या बुलेटचं कव्हर याला जसंच्या तसं बसेलच असं नाही. हाताखालचा भाचा म्हणाला, “मामा, राहू दे की. किती राहिले असतील?” मेस्त्रींनी उत्तर दिलं नाही. ड्रिल त्याच्या हातात दिलं आणि स्वतः कव्हर धरून बसले.

प्लग निघाला. आतून चमचाभर पांढरी रेती पडली.

तेव्हा वाटलं, झालं. झालं नव्हतं. त्यांनी वाटेत डिझेल सोडलं, हवा मारली आणि दुसऱ्या तोंडाशी पांढरा रुमाल धरला. रुमालावर कण. पुन्हा धुतलं. पुन्हा कण, थोडे कमी. तेवढ्यात मालकाचा फोन आला. रविवारी लग्नाची वरात होती आणि नवरदेवाला बुलेटवरूनच जायचं होतं. “दुसऱ्याची मागून घ्या,” मेस्त्री म्हणाले आणि फोन ठेवला. या एका वाक्याने त्यांचे किती पैसे बुडाले असतील, याचा हिशेब मी मनात करत होतो. ते रुमाल उन्हात धरून बघत होते.

भाच्याला घाई आहे, आणि त्याचं चुकत नाही. धुण्याची मजुरी कुणी देत नाही. बिलावर पिस्टन लिहिता येतो, वाल्व लिहिता येतो, भोक साफ केलं असं लिहिलं तर गिऱ्हाईक हसतं. तीन दिवस एका कव्हरवर घालवणारा गाळा आणखी किती वर्षं चालेल, मला सांगता येणार नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी निघालो तेव्हा ते कव्हर नवव्यांदा धुऊन झालं होतं. रुमालावर दोन कण होते. मेस्त्रींनी भाच्याला डिझेलचा डबा पुढे सरकवायला सांगितलं.